दादाचं शीड

आमचा दादा गप्प बसला, तेव्हा घरात सगळ्यांना धडकी भरली. बायपास नीट पार पडली होती. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत, घसा ठणठणीत. पण माणूस बोलेना. ज्याची हाक उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमधून पार चौकापर्यंत जायची, तो चहा विचारला तरी नुसती मान हलवायचा. वहिनी मला म्हणाली, "भावजी, मला चार शिव्या घातल्या तरी चालतील. पण हे असलं बघवत न्हाय."

आजारी पडायच्या आधी दादानं एक खूळ डोक्यात घेतलं होतं. गोव्यात फळीला शीड लावून समुद्रावर पळवतात ना, तसलं एक जुनं शीड आणि दोन डोलकाठ्या त्यानं आणल्या होत्या. तीन चाकांची बुटकी गाडी करायची आणि वाऱ्यावर माळानं पळवायची. सांगाडा अर्धा करून तो ऑपरेशनला गेला. उरलेलं मी केलं. ती पळताना बघून दादा काहीतरी बोलेल, एवढ्याचसाठी.

पेठ वडगावच्या अलीकडं एका मित्राचा सपाट माळ आहे. उन्हाळ्यात तिथं डोक्यावर टोपी राहत नाही. दादाला खुर्चीत बसवलं. वहिनीनं त्याच्यावर छत्री धरली, ती उलटी झाली.

डोलकाठ्या दोन. एक जाड, वाकता वाकेना. दुसरी बारीक, लवलवती. मी कोल्हापूरचा माणूस, कुठली घेणार? आमच्यात वस्तू दणकट पाहिजे, मग ती चप्पल असो नाहीतर डोलकाठी. शिडाच्या पुढच्या कडेला शिवलेल्या खोळीत ती जाडी कशीबशी घुसवली आणि आडव्या दांड्यावरून शीड मागं असं ताणलं, की टिचकी मारली तर हलगी वाजावी. झक्कास! मी दादाकडं बघितलं. दादा भलतीकडंच बघत होता.

मी बसलो. गाडी चार हात पळाली, वाऱ्याचा झोत आला आणि एक चाक उचललं. शीड काही वारं सोडेना. मी तोंडावर आपटलो. धूळ थुंकत उठतोय, तोवर मागनं आवाज आला.

"आरं ए गाढवा! लग्नाचा मांडव घालायलायस व्हय?"

दादा खुर्चीतनं उठून उभा होता.

"जाडी काठी कुणी घालाय सांगितली? खोळ कशी कमानीत शिवलीया बघ की! तेवढीच वाकणारी काठी पायजे. बारकी घाल! आन् मागं काय वढतोयस? खाली वढ! वरची कड ढिली पडू दे. जादा वारं वरनं निघून जातंय!"

"वर फडफडल दादा. बरं दिसत न्हाय."

"तुझं थोबाड बघ आधी!"

घातली बारकी. मी आणि वहिनीनं पाय रोवून खालची दोरी ओढली. काठी वाकली, वरचं कापड सैल झालं. मला अजून पटत नव्हतं. पण गाडी काय सुटली राव! झोत आला की शेंडा मागं झुकायचा, जादा वारं सोडायचा, आणि तिन्ही चाकं जमिनीवरच. मी आनंदानं ओरडत होतो. दादा त्याहून मोठ्यानं ओरडत होता, वळवताना मी काय चुकलो ते.

परत येताना कारमध्ये त्याचं चालूच. मी अक्कलशून्य, मी आळशी, वर्कशॉपचं मी वाटोळंच केलं असणार. मला असा राग आला, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रेडिओवर गाणं चाललं होतं. मागं बसलेल्या वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "भावजी, ते गाणं बंद करा. ह्यांचं ऐकू येत न्हाय मला."