सुट्टीवरचा माणूस

आमच्या घरात एक कायदा होता. आबा सुट्टीवर आले की त्यांना वाईट बातमी सांगायची नाही. म्हैस मेली, चुलत्यानं बांध कोरला, मी गणितात नापास झाले, सगळं पोटात ठेवायचं. माय म्हणायची, "फौजी माणूस हाय, तिकडं जाऊन जिवाला घोर नको."

आबा फौजेतून सुटले. लातुरात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहू लागले, रोज संध्याकाळी रेणापूरला घरी येऊ लागले. कायदा मात्र तसाच! माझा तर संताप व्हायचा. आबा स्वयंपाकघरात आले की बोलणं बंद. मग ते अंगणात जायचे, सायकल पुसायचे, आत यायचे, पुन्हा बाहेर. एका जागी बूड म्हणून टेकायचं नाही त्यांचं.

गेल्या वर्षी मायच्या छातीत गाठ निघाली. तिनं मला नांदेडला फोन केला आणि वर दम दिला, "आबाला सांगशील तर बघ!" अगं, नवरा आहे ना तुझा? पण नाही. मी मिळेल त्या बसनं निघाले. वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकी उघडत होते, लावत होते.

लातुरात आम्ही दोघी दवाखान्यासमोर रिक्षातून उतरलो आणि मायनं माझा हात करकचून धरला. समोरच्या बँकेच्या दारात आबा! नेमकी त्या दिवशी त्यांची ड्युटी त्या शाखेत लागलेली. ड्युटीवरून कधी पाऊल न हलवणारा माणूस, बंदूक आत ठेवून रस्ता ओलांडून आला.

"काय झालं?"

"काय न्हाई. हिचं डोकं दुखायलंय," माय म्हणाली.

मला राहवेना. "गाठ आहे आबा, हिला. ऑपरेशन करायचंय."

आबा भर रस्त्यात ओरडले, "मी ह्या घरचा हाय का पाव्हणा? सांगा की!" लोक बघायला लागले. मला रडूच फुटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ते मायच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. "अजून काय काय लपवलंस?"

मायनं म्हैस सांगितली, बांध सांगितला.

"आणि?"

जावेशी झालेलं भांडण सांगितलं.

"आणि?"

मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"एक लेकरू गेलं. पोटातच. तुमाला कळवायच्या आधीच."

हे मलाही ठाऊक नव्हतं.

"कवा?"

"हिच्या पाठीवर. दसऱ्याला."

आबांनी बोटांवर दिवस मोजले. "त्या दिवाळीला तर मी आलतो. पाडव्याला तू मला ओवाळलंस."

"हाव," माय म्हणाली. "सुट्टी लई थोडी व्हती तुमची."