पट्टे नसलेला स्पीडब्रेकर

बोरिवलीतल्या आमच्या गल्लीत पालिकेने स्पीडब्रेकर बांधला, पण त्यावर पांढरे पट्टे मारायला ती विसरली. मला तो दिसलाच नाही. माझ्या स्कूटरवरून बायको उडाली आणि तिचा उजवा हात मोडला. मी तक्रार केली. चार दिवसांत ती निकाली निघाली, सोबत पट्टे मारलेल्या स्पीडब्रेकरचा फोटो. फोटो दुसऱ्याच गल्लीतला होता!

मी मनात खवळलो आणि गोड हसत वॉर्ड ऑफिसात गेलो. "साहेब, काम झकास झालंय. एकदा बघायला चला ना, मीच नेतो."

इंजिनिअर साहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात मागे बसले. मी त्यांच्या हातात सोलकढीने काठोकाठ भरलेला डबा दिला. "एवढा धरा. बायकोचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ताईने करून दिलीय." झाकण मी मुद्दामच सैल लावलं होतं.

गल्लीत शिरताना मी वेग वाढवला नाही, फक्त कमीही केला नाही. स्कूटर धाडकन उसळली आणि साहेब गळ्यापासून पोटापर्यंत गुलाबी झाले.

"दिसत नाही का तुम्हाला?" ते ओरडले.

"नाही ना साहेब! फोटोत मात्र छान दिसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगाचे डबे घेऊन माणसं हजर. बायको खिडकीतून ताजे पट्टे बघत होती. मी शाबासकीची वाट बघत शेजारी उभा राहिलो.

"अहो, वन्संची सोलकढी सगळी सांडलीत?" ती म्हणाली. "एका शर्टाला अर्धा डबा पुरला असता."