गच्चीवरचं निळं पाणी

माझी आत्या एका तीन मजली इमारतीची व्यवस्था पाहते. इमारत तिची नाही, पण हे तिला सांगायची कुणाची छाती नाही. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. भाडेकरूंच्या तक्रारी, गळके नळ, जिन्यातले दिवे, सगळं आत्याच्या गळ्यात. त्या बदल्यात तळमजल्यावरची खोली. काका गेल्यापासून ती तिथेच राहते, आणि तेवढंच काय ते तिचं घर.

ऋतू पालटायच्या आधी ती घराघरात शिरते. थंडीआधी गिझर, उन्हाळ्याआधी पंखे, पावसाळ्याआधी पन्हळी आणि खिडक्यांच्या फटी. लोकांना कपाटं ओढायला लावते आणि उघड्या भिंतीला गाल टेकवून उभी राहते. ओल हाताला फसवते, गालाला नाही, असं तिचं म्हणणं. भाडेकरू तिला मागून ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

फक्त एका छताने तिचं नाक कापलं होतं. वरच्या मजल्यावर लग्नाचे फोटो काढणारा एक टकला, हौशी गृहस्थ राहतो. दर पावसाळ्यात त्याच्या पलंगावर टपटप सुरू व्हायची. गवंडी दर वर्षी गच्चीवर जाऊन डागाच्या बरोबर वरची जागा लिंपायचा, आणि दर वर्षी छत त्याला वाकुल्या दाखवायचं. शेवटी मालकांनी येऊन सांगितलं, “बाई, यंदा हे छत गळलं तर मी इमारत एका कंपनीच्या ताब्यात देणार. मग त्यांची माणसं येतील. तुमच्या खोलीचं मला काही सांगता यायचं नाही.”

“गळणार नाही,” आत्या ठणकावून म्हणाली. मालकांची पाठ वळताच तिने मला फोन केला. “ये गं जरा. मला भीती वाटतेय.”

आत्या आणि भीती! मी मिळेल त्या बसने निघाले.

पोचले तर बाईसाहेब पदर खोचून गच्चीवर. पाणी जायची सगळी तोंडं तिने चिंध्या कोंबून बंद केली होती आणि विटा-सिमेंटचे बुटके बांध घालून गच्चीची शेतासारखी खाचरं पाडली होती. “पावसाची वाट कशाला बघायची? आपणच पाडू,” असं म्हणून तिने टाकीचा पाइप सोडला. टाकीजवळच्या पाण्यात लाल रंग कालवला, जिन्याच्या खोलीजवळच्या पाण्यात कपड्यांची नीळ. फोटोग्राफरच्या डोक्यावरचं पाणी तेवढं साधं ठेवलं.

“आता जो रंग खाली येईल, तो चोर,” ती म्हणाली.

मग आम्ही फोटोग्राफरच्या खोलीत माना वर करून बसलो. शेजारचे आले, खालचे आले, कुणीतरी चहा आणला. बराच वेळ काहीच होईना. “इन्स्पेक्टर, चोर पळाला वाटतं,” कुणीतरी म्हणालं. आत्या हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात फोटोग्राफर किंचाळला, “पडला! पडला!” आणि टक्कल पुढे करून नाचायला लागला. टकलावर टपोरा निळा थेंब.

“पुसू नका!” आत्या ओरडली. “आधी फोटो काढा!”

आम्ही सगळे गच्चीवर धावलो. जिन्याच्या खोलीच्या पायथ्याशी, डागापासून चांगलं लांब, जुन्या अँटेनाच्या खांबाचं भोक होतं. खांब कधीच काढून नेलेला, भोक तसंच राहिलेलं. तिथून पाणी स्लॅबमधल्या जुन्या वायरीच्या नळीत शिरायचं आणि गुपचूप फोटोग्राफरच्या पलंगावर उतरायचं. आत्याने गवंड्याला बोलावलं, भोक नि नळी दोन्ही पक्की बुजवून घेतली, आणि वाळल्यावर पुन्हा निळं पाणी साठवलं. छत ढिम्म.

पुढे पाऊस आला तो झोडपत, रस्ते बुडवत आला. तो ओसरताच मालक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर झाले. थेट वर गेले, स्टुलावर चढले आणि छतावर हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग हळूच म्हणाले, “कोरडं आहे.”

“मोठ्याने म्हणा,” आत्या म्हणाली. “खालपर्यंत ऐकू जाऊ दे.”

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना हसू आवरेना. स्टुलावर उभं राहूनच त्यांनी हाळी दिली, “कोरडं आहे हो! बाई कुठेही जात नाहीत!”

जिनाभर दारं उघडली, टाळ्या वाजल्या, फोटोग्राफरने शिट्टी मारली. आत्या ताठ उभी होती, मानही हलली नाही. पण माझा हात तिने असा घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली, आणि मी तो सोडवून घेतला नाही.