थोरल्या बहिणीचं नाव

आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीचं नाव कुणी घेत नाही. ती पोट फुगून मेली. अशा बाईचं नाव घेतलं तर ती घरातली दुसरी बाई शोधते, असं आमच्या पाड्यात मानतात. मीही मानत होते. अजून पुरतं सुटलेलं नाही.

पाळीत तिला इतकं दुखायचं की बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. आई म्हणायची, बाईला दुखायचंच. चाळिशी उलटली आणि पोट वाढायला लागलं. नवरा तर केव्हाच वारला होता, त्यामुळे पोट कुणाचं, असं लोक खाडीकडे बघून कुजबुजायचे. मुंबईच्या इस्पितळात मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी अंडाशयाचा कॅन्सर सांगितला. वडिलांनी घरी येऊन खाडीवरचं काही लागलंय एवढंच सांगितलं. मीही खरं सांगितलं नाही.

माझी लेक बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दर महिन्याला पाळीत तिचे दोन खाडे ठरलेले. सुपरवायझर म्हणतो, "तेरा ही पेट हर महीने दुखता है क्या?" मीही तिला फारसं वेगळं बोलत नव्हते.

या उन्हाळ्यात भर दुपारी मी टोपली घेऊन वाळवणाकडे गेले, तर काठ्यांखाली ती पडलेली. तीच जागा, तेच गुडघे. मावशी कुठे पडायची हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तोंड पलीकडे होतं. हाक मारायला माझी जीभ उचलेना, कारण वळून कोण बघेल याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला बोईसरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. बाई म्हणाल्या, "एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढलंय. दर महिन्याला तिथेही रक्त येतं आणि जायला वाट नसते. अशा बायकांना अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त. बहुतेकींना होत नाही. पण आजी, रक्ताच्या नात्यात कुणाला झाला होता का?"

"कोणी नाय," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहिलं. लेक हसली. "बघ आये, मी उगाच घाबरत होते."

ते हसू मला बघवेना.

"थांबा, खोडा ते," मी म्हटलं. "माझ्या सख्ख्या बहिणीला झालता." आणि तिचं नाव सांगितलं. नाव तोंडातून निघालं तशी मी आधी लेकीकडे बघितलं. ती होती तशीच बसलेली होती. बाईंनी आणखी तपासण्या लिहिल्या.

रिक्षात तिने विचारलं, "तिला पन पाळीत दुखायचं?"

"हां."

"म्हंजे तुला ठावूक होतं."

"हां."

"पंधरा वर्सं मी गोळ्या खाते, आये."

कारखाने मागे पडले. मग तिने ते नाव हळूच घेतलं, चव बघितल्यासारखं. पुन्हा एकदा घेतलं. मी मागे वळून बघितलं. रस्त्यावर कंपनीच्या बसशिवाय काही नव्हतं.

सोमवारी गाठ काढणार आहेत. काढून तपासायला पाठवतील. तोवर काही सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.