गळ्यातला हात

दुष्काळाची सालं होती. उस्मानपुऱ्यात आमच्या नळाला पाणी आलंच तर करंगळीएवढं. शहर मात्र चारी बाजूंनी फुगत चाललेलं. नव्या वसाहतींना पाइपलाइन द्यायची म्हणून आमच्याकडचे रस्ते खणून ठेवले होते. सकाळी ऑफिसच्या आधी मी सायकलच्या हँडलला दोन्हीकडं कॅन अडकवून पलीकडच्या गल्लीतल्या बोअरवरून पाणी आणायचो.

एकदा भरलेले कॅन घेऊन येताना समोरून रिक्षा आली. मी सायकल कडेला घेतली आणि तिच्यासकट चरात गेलो. पडताना माणूस हात टेकवतो. मी डाव्या हातानं कॅन धरून ठेवला. सगळा भार उजव्या अंगावर आला. लोकांनी वर काढलं तेव्हा मी विचारत होतो, "पाणी सांडलं का हो?"

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, कॉलरबोन मोडलंय, मनगटाला तडा गेलाय. मनगटाला प्लास्टर घातलं आणि हात झोळीत घालून गळ्यात अडकवला.

"बरंच झालं," बायको भेटायला येणाऱ्यांना सांगायची. "प्लास्टर भिजवायचं नाय म्हणून यांच्या अंघोळीचं पाणी वाचतंय."

एका हातानं भाकरी मोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती मोडून द्यायची, शर्टाची बटणं लावायची, भांग पाडायची. तोही उलट्या बाजूला, आणि वर म्हणायची, "आता कसं गुणी बाळ दिसतंय!"

पाण्याचं काय करावं, या विचारात मी होतो, तर ती ओढणी कमरेला बांधून सायकल बाहेर काढत होती.

"अगं, तुला कुठं येती सायकल?"

"माहेरी लासूर स्टेशनला असताना मळ्यात डबा घेऊन कोण जायचं? दांड्याखालून पाय घालून चालवायचे मी."

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं व्हय?"

मी फाटकात उभा राहून "ब्रेक धर, ब्रेक!" म्हणून ओरडत होतो. तिनं वळूनही पाहिलं नाही. येताना चर आला तशी ती खाली उतरली, सायकल हातानं चरावर टाकलेल्या फळीवरून पलीकडं नेली आणि परत बसली. उतरायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

प्लास्टर निघालं. मनगट सुधारलं, पण खांदा आखडला. बोटांनी भिंत चढायचा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. बायको शेजारी उभी राहून खडूनं खूण करायची. "चला, अजून थोडं वर. माळ्यावरचा डबा काढायचाय मला."

हात माळ्यापर्यंत आजही पोचत नाही. सायकलही मला परत मिळाली नाही. नवी भाजीमंडई लांब झाली, तशी ती तिकडंही सायकलवरच जाऊ लागली. ढग भरून आले की खांदा ठणकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या सालांत तो काही फारसा ठणकला नाही.