बावन्न किलोची सोनल

पोरी किलोकिलोने वाढतात आणि त्यांच्या वजनाचे किस्से मणामणाने! माझी नात सोनल सुरतजवळच्या उधन्याची. जाळीच्या पिंजऱ्यात लाथाबुक्क्यांनी लढते, पैसे घेऊन लढते, बावन्न किलोच्या गटात. फाइटच्या आदल्या दिवशी काटा बावन्नच्या वर गेला की भानगडच! तिचं खाणंपिणं माझ्या हातात. शाळा मी पाहिली नाही, पण पाकिटावरचं मीठ-साखर वाचायला स्वतःच शिकले.

* * *

नंदुरबारचे पाहुणे तिला बघायला आले. मुलाच्या आईने माझ्याकडे बघत विचारलं, "वजन किती हो मुलीचं?"

सोनल आतून ओरडली, "फाइटच्या आधीचं सांगू की नंतरचं?"

पाहुण्यांनी चहाही संपवला नाही!

* * *

आमच्या गल्लीत वजन करायचं तर लूमवाल्याच्या सुताच्या काट्यावर. सोनल चढली, एक्कावन्न! मी खुशीत तिला प्लेटभर लोचो, आमचा तेल-शेव घातलेला सुरती नाश्ता, खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी जिममध्ये चोपन्न!

लूमवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "काकी, रिकाम्या खोक्याचं वजन त्यात आधीच वजा केलेलं असतं!"

चढण्याआधी काट्यावरचा उणे तीन बघतंय कोण?

* * *

शेवटच्या आठवड्यात तिचं मीठ बंद. मग माझंही बंद. मुलगा वैतागला, "माय, तू कोनासंगे लढनार शे?"

"तुन्हासंगे!"

* * *

गेल्या खेपेला सोनल वजनात बसली, समोरची बसली नाही. फाइट रद्द! उपाशीतापाशी तयारी करून पोर हात न उचलता घरी आली. रडली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हाच मी ठरवलं, पुढची फाइट होणार म्हणजे होणार.

* * *

या खेपेला सोनलच काट्यावर थोडी जास्त भरली. वजन उतरवायला एक तास मिळाला. अंगात घाम उरला नव्हता. कोच भरतभाई म्हणाले, "थुंक, तेवढंच कमी होईल." पण तोंड कोरडं ठाक!

मी तिच्या हातात पेला दिला, समोर बसले आणि सुरू केलं, "कैरी कच्ची, हिरवीगार. सुरी लावली की करकर वाजते. वर तिखट, मीठ..."

पेल्यात थेंब पडायला लागले. भरतभाई ओरडले, "बा, बस करो, मारा मोंमां पाणी आव्युं!"

सोनल परत चढली. बावन्न!

मग तिच्यासमोरची चढली, नागपूरची. तीही जास्त! तिलाही एक तास. तिचा कोच फोनवर, पोर खुर्चीत डोळे मिटून. थोड्या वेळाने उठली, थेट माझ्यापाशी आली.

"आजी, मला पण सांगा ना."

मी पेला विसळला.

सोनल किंचाळली, "आजी! उद्या ती माझं नाक फोडणार आहे!"

"गप बस तू. ये गं पोरी, बैस अशी समोर. तुमच्याकडे चिंच कशी खातात?"