बाभळीखालची खताची टाकी

आधी चहा संपवा, मग ऐका. हसताना ठसका लागला तर माझं नाव घेऊ नका. असली फजिती वैऱ्याचीही होऊ नये, ती मी स्वतःच्या हाताने करून घेतली!

हिवरखेडला आमचं काळ्या मातीचं वावर. अर्धं आमचं, अर्धं माझ्या धाकट्या जावेचं, सुनंदाचं. विहीर एक, मोटर एक, ठिबकचा मोठा पाइपही एकच. पावसाळ्यात दोघींनी मलबार नीम लावला. लाकडासाठी लावतात, भराभर वाढतो. पण आमच्या ह्यांचा जीव तुरीत.

"गुढीपाडव्यापर्यंत झाडं माह्या डोक्याच्या वर गेली नाही, त उपटून फेकीन!"

"जातीन! नाही गेली त मले इचारा!"

बोलून तर बसले. आता झाडं वाढवणं आलं ना? मग मी पाइपावर खताची टाकी बसवायला ठिबकवाला बोलावला.

"तिथं बाभळीखाली बसव. सावली हाय."

"पन काकू, तिथं..."

"पन-बिन काही नाही! वावर तुहं हाय का माहं?"

बसवली बिचाऱ्याने. टाकी माझ्या बांधाच्या आत, मग खत माझ्याच झाडांना जाणार की नाही? तुम्हीच सांगा!

मी युरिया विरघळवून ओतत राहिले. दिवाळी आली. माझी झाडं कमरेला, सुनंदाची डोक्याला! युरिया वाढवला. तर तिचीच आणखी वाढली! पानं कशी? हिरवीगार, दाट!

"काय टाकतं वं तू झाडाले?"

"काहीच नाही बाई. नुसतं पानी."

नुसतं पाणी? मला काय खुळी समजते ही? मी माझ्या झाडांना लिंबू-मिरची बांधली. कपाशीसाठी ठेवलेला युरियाही ओतला. झोपेत तूर दिसायची, शेंगांसकट!

गुढीपाडवा तोंडावर आला, माझी झाडं अजून छातीलाच. हे कुदळीला धार लावून बसले. ती खरखर ऐकताच मी ठिबकवाल्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"तुह्या नळ्या चोंदल्या! नाही त हे सुनंदा माहं खत चोरून राहिली!"

"मी?" सुनंदा दचकली. "मी त टाकीले हात बी नाही लावला, बाई!"

तो माणूस काही न बोलता विहिरीपासून पाइपाच्या कडेने चालत गेला. बाभळीपाशी थांबला.

"काकू, तुमच्या झाडाचं पानी तिकडं विहिरीपाशीच वळते. टाकी त्याच्या पुढं हाय. इथून पुढं फकस्त सुनंदाकाकूचं वावर. तुमच्या झाडाले नुसतं पानी गेलं. खत सारं यांच्या झाडाले."

सुनंदाने तोंडाला पदर लावला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या झाडांकडे पाहिलं, मग कुदळ खाली ठेवली.

"उपटत नाही. खत-पानी भेटलं त झाड कसं वाढते, ते पायलं म्या. पन आजपासून टाकीले तू हात लावू नको. खत सुनंदा टाकीन."

आणि माझी जाऊ काय म्हणाली असेल?

"टाकतो ना, बाई. सारं तुमच्याच झाडाच्या बुडाशी टाकतो. माह्या झाडाचं तुमी आतापर्यंत लय केलं!"